पेपर रोबोचं प्रकरण: चेहरा माणसासारखा, पण शेजारी राबत कोण होतं?

ह्युमनॉइड म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोंबद्दल सध्या जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक सगळं पुढे काय होणार याबद्दल असतं. नोकऱ्या जाणार, घरकाम रोबो करणार, म्हाताऱ्यांना रोबो सांभाळणार वगैरे. मला वाटतं, जे एकदा होऊन गेलंय ते नीट बघितलं तर यातलं बरंच काही आत्ताच कळतं. म्हणून एकच प्रकरण घेतलंय आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचंय. जपानच्या सॉफ्टबँक कंपनीचा पेपर नावाचा रोबो. २०१४ मधे तो जगासमोर आला, २०२० मधे त्याचं उत्पादन थांबलं आणि २०२५ मधे तो घडवणारी फ्रेंच कंपनी बुडाली. मधल्या काळात हा रोबो मोबाईलच्या दुकानात, बँकेत, लोकांच्या घरात, वृद्धाश्रमात, एडिनबरातल्या किराणा दुकानात आणि अगदी ब्रिटनच्या संसदेच्या समितीसमोर सुद्धा जाऊन आला. म्हणजे लॅबमधला नमुना नव्हे, रोजच्या माणसांमधे वावरलेला रोबो.

यावर लिहिणारे बहुतेक जण "फसलेलं प्रॉडक्ट" म्हणून दोन ओळीत गुंडाळतात. माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. पेपर जिथे जिथे कामाला लागला तिथे त्याच्या शेजारी एक माणूस उभा होता, आणि त्या माणसाचं काम कुठल्याच हिशोबात धरलेलं नव्हतं. हे प्रकरण त्या माणसाच्या बाजूने वाचायला हवं.

आधी थोडं मागचं

२००५ साली ब्रुनो मेझोनिए यांनी पॅरिसमधे अल्डेबरान नावाची कंपनी काढली. त्यांचा नाओ नावाचा छोटा रोबो होता, उंची ५८ सेंटीमीटर, दोन पायांवर चालणारा, आणि तो युनिव्हर्सिट्यांमधे प्रचंड चालला, रोबोकप नावाची जी रोबोंची फुटबॉल स्पर्धा असते तिथे एका गटात सगळे संघ नाओच वापरायचे. २०१२ मधे सॉफ्टबँकेने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, आणि पेपर हिनेच घडवला. सॉफ्टबँक म्हणजे मासायोशी सोन यांची कंपनी, मोबाईल नेटवर्कपासून जगभरातल्या स्टार्टअपपर्यंत सगळीकडे पैसे लावणारी. सोन यांना घराघरात रोबो पोचवायचा होता, तोही भावना ओळखणारा. ५ जून २०१४ ला त्यांनी स्वतः स्टेजवर पेपरला लोकांसमोर आणलं आणि यंत्राला मन देण्याची ही सुरुवात आहे अशा थाटात सांगितलं.

वेळ पण अगदी बरोबर निवडली होती. जपानमधे दर चार माणसांमागे एक ६५ च्या वर गेलेला, तरुण कमी, आणि वृद्धांची काळजी घेणारी माणसं त्याहून कमी. २०१५ मधे तिथल्या आरोग्य मंत्रालयाचाच अंदाज आला की २०२५ पर्यंत काळजीच्या कामात जवळपास ३ लाख ८० हजार माणसं कमी पडतील. त्याच वर्षी सरकारने रोबोंसाठी वेगळं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. बाहेरच्या देशातून माणसं आणायची की यंत्रं बनवायची, या प्रश्नावर तिथल्या राजकारणाला यंत्रं जास्त सोयीची वाटत होती हे उघड आहे. म्हणजे पेपर आला तेव्हा त्याच्यासाठी जागा तयारच होती, फक्त त्या जागेवर बसून तो काय करणार हे कुणी नीट ठरवलेलं नव्हतं.

आता तो होता कसा ते बघा. उंची साधारण १२० सेंटीमीटर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोराएवढी. वजन २८-२९ किलोच्या आसपास. पांढरा गुळगुळीत, मोठे गोल डोळे, कमरेखाली पाय नाहीत, तिथे घागऱ्यासारखा आकार आणि खाली तीन चाकं. छातीवर टॅब्लेट. हात मात्र दोन, पाच-पाच बोटांचे, आणि फार सुंदर हलणारे. पण ते हात बोलताना हलवण्यासाठी होते. त्याने काही उचलायचं, आणून द्यायचं, पुसायचं, घडी घालायची असं काही त्यात नव्हतंच. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. हात दिसले की समोरच्याला वाटतं हा काम करेल, आणि पेपरचे हात कामाचे नव्हते.

किंमत १ लाख ९८ हजार येन, त्या वेळच्या भावाने साधारण लाखभर रुपये. रोबोच्या मानाने स्वस्तच. पण त्यावर दर महिन्याला १४,८०० येनचा प्लॅन आणि ९,८०० येनचा विमा, तीन वर्षांसाठी. बेरीज केली तर १० लाख ८० हजार येनच्या वर जाते, म्हणजे साडेपाच लाख रुपये. आवळा देऊन कोहळा काढायची ही पद्धत मोबाईल कंपन्यांना पाठच असते. २० जून २०१५ ला सर्वसामान्यांसाठी १००० रोबो विक्रीला ठेवले आणि एका मिनिटात संपले. पुढे कंपन्यांसाठी वेगळी योजना आली, महिना ५५ हजार येन भाडं, आणि तिथून पेपर दुकानादुकानात दिसायला लागला. नेस्ले जपानने कॉफी मशीन विकायला १००० पेपर ठेवायचं ठरवलं, मिझुहो बँकेने शाखांमधे ठेवला. उत्पादन फॉक्सकॉन या तैवानी कंपनीकडे, चीनमधे, आणि फॉक्सकॉन आणि अलीबाबा या दोघांनी सॉफ्टबँकेच्या रोबो कंपनीत पैसेही लावले.

दुकानात

सप्टेंबर २०१५ मधली एक घटना. टोकियोच्या दक्षिणेला योकोसुका शहर आहे, तिथल्या सॉफ्टबँकेच्या दुकानात एक साठीचा माणूस दारू पिऊन आला, दुकानातल्या कर्मचाऱ्याच्या वागण्यावर चिडला आणि त्याने लाथ घातली ती पेपरला. पोलिसांनी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून त्याला पकडलं. बातमी जगभर गेली, रोबोला मारणं हा गुन्हा धरायचा का, रोबोला हक्क द्यायचे का यावर चर्चा झाल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न साधाच होता, काउंटर फोडलं असतं तरी तेच कलम लागलं असतं. मला त्यात दिसतं ते वेगळंच. राग होता माणसावर आणि तो निघाला माणसाच्या आकाराच्या वस्तूवर. दुकानात काउंटरमागे उभं राहणाऱ्या पोरापोरींना असला राग रोज झेलावा लागतो, त्याची बातमी होत नाही.

दुसरी घटना स्कॉटलंडमधली, आणि ही मला जास्त शिकवणारी वाटते. एडिनबरात मार्जिओटा नावाचं एका कुटुंबाचं किराणा दुकान आहे. हेरियट-वॉट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पेपरला प्रोग्राम करून, त्याला फॅबिओ नाव देऊन, बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी तिथे कामाला ठेवला. २०१८ च्या जानेवारीत ते लोकांसमोर आलं. दुकानातल्या शेकडो वस्तू कुठे आहेत ते त्याला माहीत होतं, गिऱ्हाइकाला मिठी मारायचा, टाळी द्यायचा, लोक पहिल्यांदा खूष. मग बीअर कुठे आहे विचारलं तर तो सांगायचा, दारूच्या विभागात. दुकानातल्या गोंगाटात त्याला धड ऐकूही यायचं नाही. शेवटी त्याला एका कोपऱ्यात मांसाचे नमुने चाखायला द्यायला उभं केलं, तर तिथे पंधरा मिनिटांत त्याच्याकडे दोन जण आले आणि माणसाकडे बारा. लोक शेल्फांच्या त्या रांगेतून जायचंच टाळायला लागले. आठवड्यात त्याचं काम थांबवलं.

पण पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे. त्याला खोक्यात भरताना दुकानातली एक कर्मचारी रडली. आधी संशोधकांना वाटत होतं की आपली नोकरी जाईल म्हणून कर्मचारी त्याचा राग करतील. झालं उलटंच, त्यांना त्याचा लळा लागला. गिऱ्हाइकाला तो अडचण वाटत होता आणि सोबत काम करणाऱ्यांना तो सांभाळायचा पोरगा वाटत होता. सांभाळायचं काम आपलं आहे हे त्यांनी न सांगता स्वीकारलं होतं! कुणी त्यासाठी वेगळा पगार देत नव्हतं की कुणी मागितला नाही. माणसासारखा चेहरा दिला की हे आपोआप होतं, आणि कंपन्यांना ते पक्कं माहीत असतं.

बँकेत, हॉटेलात काय व्हायचं ते थोडक्यात सांगतो. पहिले काही दिवस फोटो, पोरांची गर्दी, मग नव्याचे नऊ दिवस संपले की लोक थेट त्याच्या छातीवरच्या टॅब्लेटवर बोट ठेवायचे आणि काम उरकायचे. टॅब्लेटचं काम टॅब्लेट करत होता, वरचं डोकं शोभेला. आपल्याकडे पण २०१७ मधे मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स शाखेत एचडीएफसी बँकेने इरा नावाचा स्वागत करणारा रोबो ठेवला होता, केरळातल्या कंपनीने बनवलेला. आज तुम्ही बँकेत गेलात तर टोकन मशीन दिसतं आणि रांगेत कुठल्या फॉर्मवर सही करायची हे सांगणारा शिपाई दिसतो.

अंत्यविधीला मंत्र म्हणणारा पेपर पण आला होता, २०१७ मधे टोकियोच्या एका प्रदर्शनात, ५० हजार येनमधे, बौद्ध भिक्षूपेक्षा कितीतरी स्वस्त. ती कल्पना काही चालली नाही. ऑक्टोबर २०१८ मधे ब्रिटनच्या संसदेच्या शिक्षण समितीपुढे त्याने साक्ष दिली, प्रश्न आणि उत्तरं आधी ठरवलेली. त्याच वर्षी स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पेपरची सुरक्षा इतकी कच्ची आहे की नेटवर्कवरून कुणीही त्याचा ताबा घेऊ शकतं, त्याच्या कॅमेऱ्यातून बघू शकतं. हे असं यंत्र लोकांच्या घरात आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत होतं. ही गोष्ट त्याच्या नाचाच्या व्हिडिओंएवढी पसरली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

वृद्धाश्रमात

खरी परीक्षा इथे होती, कारण पेपर आणि त्याच्यासारख्या बाकी रोबोंवर सरकारने पैसा ओतला तो म्हाताऱ्यांच्या नावाने. २०१८ पर्यंत जपानच्या केंद्र सरकारने काळजी घेणाऱ्या रोबोंच्या संशोधनावर ३० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च केला होता. जेम्स राइट नावाच्या संशोधकाने कानागावा भागातल्या एका वृद्धाश्रमात जाऊन, तिथलं काम बघून, तिथे तीन रोबो आल्यावर काय होतं त्याची नोंद केली. एक हग, माणसाला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायला मदत करणारं यंत्र. दुसरा पारो, सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा केसाळ, कुरवाळायला. तिसरा पेपर, व्यायाम आणि खेळ घ्यायला.

हग काही दिवसांतच कोपऱ्यात गेलं. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत न्यायला, लावायला, काढायला इतका वेळ जायचा की कर्मचाऱ्यांना माणसांशी बोलायलाच वेळ उरेना, आणि थोड्याच जणांना त्यात नीट उचलता यायचं. पारो आवडला, पण एक आजी त्याचं कातडं सोलायला बघायच्या आणि दुसऱ्या आजींना त्याचा इतका लळा लागला की तो जवळ नसेल तर जेवायला आणि झोपायला तयार नाहीत. म्हणजे आता आजींवरही लक्ष ठेवा आणि पारोवरही.

आणि पेपर. डोळ्यासमोर आणा, हॉलमधे खुर्च्या मांडल्यात, आजी-आजोबा बसलेत, काही व्हीलचेअरवर, काहींना कमी ऐकू येतं, काहींना आपण कुठे आहोत हेच आठवत नाही. समोर पेपर उभा. तो सांगतो हात वर करा, आणि स्वतः हात वर करतो. कुणाला कळत नाही तो काय म्हणाला. मग एक कर्मचारी त्याच्या बाजूला उभी राहते, तो जे बोलतो ते मोठ्याने परत बोलते, तो जसे हात हलवतो तसे स्वतः हलवून दाखवते, कारण माणूस करतोय म्हटल्यावर लोक करतात. व्यायाम झाला. पण घेतला कुणी? पेपर नसता तर ती बाई तेच सगळं स्वतःच्या मनाने, कुणाचा खांदा दुखतोय ते बघून, कुणाला हसवत, नावाने हाक मारत करत होतीच. आता तिला एका यंत्राच्या मागे मागे तेच, यंत्राच्या वेगाने करायचं होतं. त्यात त्याचे व्यायाम आणि गाणी मोजकीच, काही आठवड्यांत कर्मचारीच कंटाळले आणि त्याचा वापर कमी होत गेला.

यंत्र बाहेर काढा, चालू करा, पुसा, म्हाताऱ्यांना परत परत समजावून सांगा की हे काय आहे, चालू असताना लक्ष ठेवा, मग परत आत ठेवा. आधीच माणसं कमी, त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना. राइट यांचं निरीक्षण असं की रोबोंमुळे कष्ट वाचले नाहीत, वेगळ्या जातीचे कष्ट तयार झाले, आणि गेला तो वेळ नेमका माणसांशी बोलण्याचा. कमी माणसांत काम भागवायला आणलेल्या यंत्राने माणसांकडे जो वेळ शिल्लक होता तोही काढून घेतला. २०१९ मधे जपानमधल्या ९ हजारांहून जास्त संस्थांची पाहणी झाली त्यात कुठलाही काळजीचा रोबो आणलेल्या संस्था १० टक्क्यांच्या आसपासच निघाल्या. एवढा पैसा, एवढा गाजावाजा होऊन!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण "रोबो वाईट" एवढंच म्हणून थांबणं चुकीचं होईल. जपानमधल्या ८६० वृद्धाश्रमांच्या २०१७ च्या माहितीवर अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा अभ्यास केला, त्यात माणसासारखे रोबो कमी आणि उचलणारी यंत्रं, रात्री हालचाल टिपणारे सेन्सर वगैरे जास्त. तिथे असं दिसलं की रोबो असलेल्या संस्थांत माणसं कमी झालेली नाहीत, उलट जास्त होती. पण ही वाढ कायम नोकरीतल्या लोकांची नव्हती, तात्पुरत्या कराराच्या लोकांची होती. म्हणजे "रोबो आला की नोकरी गेली" हे काही खरं नाही, पण नोकरीचा दर्जा बदलतो, आणि कुणाच्या फायद्याने बदलतो हे विचारावंच लागतं. आपल्याकडची चर्चा नोकऱ्या किती जाणार या एका आकड्याभोवती फिरत राहते आणि हा भाग राहूनच जातो.

शेवट कसा झाला

२०२० मधे पेपरचं उत्पादन थांबवलं. जगाला कळलं ते २०२१ च्या जूनमधे, रॉयटर्सच्या बातमीतून. तोपर्यंत एकूण २७ हजार पेपर बनले होते. त्याच सुमाराला सॉफ्टबँकेच्या रोबो कंपनीच्या फ्रान्समधल्या ३३० लोकांपैकी जवळपास निम्म्या लोकांना कमी करायचं चाललं होतं. रोबोमुळे नोकऱ्या जातील म्हणून दुकानात काम करणारे, काळजी घेणारे सगळे घाबरत होते, आणि पेपर प्रकरणात ज्यांच्या नोकऱ्या गेल्याचा धड पुरावा आहे ते म्हणजे पेपर बनवणारे इंजिनियर. २०२२ मधे सॉफ्टबँकेने ती फ्रेंच कंपनी एका जर्मन समूहाला विकली, तिला अल्डेबरान हे जुनं नाव परत मिळालं, आणि २०२५ च्या जूनमधे कोर्टाने ती गुंडाळायचा आदेश दिला. नंतर शेनझेनच्या मॅक्सव्हिजन कंपनीने तिची मालमत्ता घेतली.

ज्यांच्याकडे पेपर आणि नाओ होते त्यांचं काय? शाळा, युनिव्हर्सिट्या, ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करणारे शिक्षक. मिक्सर बनवणारी कंपनी बुडली तर मिक्सर चालत राहतो. असा रोबो कंपनीच्या सर्व्हरवर, अपडेटवर, सुट्या भागांवर जगतो. एखाद्या मुलाला त्याची सवय लागलेली असेल आणि एक दिवस तो बंद पडला तर त्या मुलाला कोण समजावणार, तर परत शेजारची शिक्षिका. खरेदीच्या कागदावर ही जबाबदारी कुठेही लिहिलेली नसते.

आता याच्याच बाजूला दोन गोष्टी ठेवून बघू, दोन्ही जपानमधल्याच. स्कायलार्क नावाची तिथली मोठी हॉटेलांची साखळी आहे, त्यांनी चिनी कंपनीचे बेलाबॉट नावाचे ३ हजारच्या आसपास रोबो लावले. स्क्रीनवर मांजराचा चेहरा, खाली चार कप्पे, हात नाहीत. तो ताटं नेतो. बस. वेट्रेसच्या फेऱ्या वाचतात, गिऱ्हाईक स्वतः ताट उचलून घेतं. सॉफ्टबँकेने स्वतःच पुढे फरशी साफ करणारा व्हिझ विकला, त्याला तर चेहराच नाही. या दोघांनी जेवढं सांगितलं तेवढंच काम केलं म्हणून ते टिकले असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट मला फार जवळची वाटते. टोकियोत निहोनबाशीला डॉन नावाचा कॅफे आहे, २०२१ पासून कायमचा सुरू झालेला. तिथे ओरिहिमे नावाचे रोबो ऑर्डर घेतात आणि त्यातला मोठा, उंचीला पेपरएवढाच, कॉफी आणून देतो. पण त्यातला प्रत्येक रोबो कुणीतरी घरून किंवा हॉस्पिटलच्या पलंगावरून चालवत असतं, असे लोक ज्यांना स्नायूंच्या आजारामुळे किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे घराबाहेर पडता येत नाही. काही जण तर फक्त डोळ्यांच्या हालचालीने चालवतात. आणि हे लपवलेलं नाही, तुम्हाला चालवणाऱ्याचं नाव कळतं, तो तुमच्याशी गप्पा मारतो, त्याला पगार मिळतो. रोबोमागचा माणूस इथे उघड आहे आणि त्याच्यासाठीच सगळं उभं केलंय. केंतारो योशिफुजी यांच्या ओरी लॅबोरेटरीचं हे काम. पेपर आणि ओरिहिमे दिसायला भाऊ-बहीण, पण एकाच्या शेजारचा माणूस हिशोबातच नाही आणि दुसऱ्याच्या मागचा माणूस पगारपत्रकावर आहे.

आणि आत्ता

हे सगळं जुनं झालं, आताचे रोबो वेगळे, त्यांच्यात एआय आहे, असं कुणी म्हणेल. वेगळे आहेत हे खरंच. फिगर कंपनीचा रोबो अमेरिकेत बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग प्लांटमधे पत्र्याचे भाग उचलून वेल्डिंगसाठी भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीत बसवत होता, ते खरं काम आहे, पेपरला जन्मात जमलं नसतं. चीनमधल्या युनिट्री कंपनीने तर २०२५ मधे ४० हजार युआनच्या आत, म्हणजे पाच लाख रुपयांच्या आसपास रोबो विकायला काढला. नोव्हेंबर २०२५ मधे चीन सरकारच्याच नियोजन आयोगाने इशारा दिला की देशात दीडशेच्या वर ह्युमनॉइड कंपन्या झाल्यात आणि सगळे एकसारखंच बनवतायत. सोन सुद्धा परत मैदानात आलेत, एबीबी या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा रोबो विभाग पाच अब्ज डॉलरच्या वर रक्कम देऊन घ्यायचा करार ऑक्टोबर २०२५ मधे झाला.

पण शेजारच्या माणसाचा प्रश्न जागेवरच आहे, उलट आता तो माणूस दूर गेलाय आणि दिसेनासा झालाय. ऑक्टोबर २०२५ मधे वनएक्स कंपनीने निओ नावाचा घरकामाचा रोबो २० हजार डॉलरला जाहीर केला, आणि त्यांनीच सांगितलं की जे काम त्याला येत नाही ते कंपनीचा माणूस लांबून, रोबोच्या कॅमेऱ्यातून बघत, त्याच्या हातांनी करून देईल आणि त्यातून रोबो शिकेल. निदान सांगितलं तरी. एक वर्ष आधी टेस्लाच्या कार्यक्रमात ऑप्टिमस रोबो पाहुण्यांना पेय देत गप्पा मारत होते, त्यांच्यामागे माणसं होती हे लोकांनीच ओळखून काढलं.

आणि शिकवणारे कोण? तामिळनाडूत करूर आहे, चादरी-टॉवेलच्या धंद्यासाठी प्रसिद्ध गाव. तिथे तरुण मुलं डोक्याला कॅमेरा बांधून टेबलासमोर उभी राहतात आणि टॉवेलची घडी घालतात. उचला, झटका, दुमडा, परत दुमडा, ठराविक कोपऱ्यात ठेवा. एका मिनिटाच्या आत झालं पाहिजे आणि ठरल्या पद्धतीने झालं पाहिजे, नाहीतर तो व्हिडिओ बाद. दिवसभर तेच. हे व्हिडिओ, कुठे काय चाललंय त्याच्या खुणा करून, अमेरिकेतल्या कंपन्यांना जातात, तिथले रोबो त्यावरून घडी घालायला शिकतात. २०२५ च्या शेवटी लॉस एंजेलिस टाइम्सने यावर लिहिलं. उद्या कॅलिफोर्नियातल्या घरात रोबो टॉवेलची घडी घालेल तेव्हा सगळे म्हणतील बघा यंत्र शिकलं. ज्या हातांनी शिकवलं ते हात करूरचे, आणि त्या कौशल्यावर पुढे त्यांना पै मिळणार नाही. मला हे पचत नाही.

आपल्या घरापर्यंत हे कधी येईल? पुण्यात कोथरूडला, इकडे डोंबिवलीला, नाशिकला अशी कितीतरी घरं माझ्या ओळखीत आहेत जिथे मुलं बाहेर, आई-वडील इथे, आणि ब्युरोच्या मावशी बारा बारा तासांच्या पाळीत. त्या मावशींना सुट्टी नाही, ब्युरो आपलं कमिशन कापतं, आजारी पडल्या तर पैसे नाहीत. रोबोवाले पहिलं दार याच घरांचं वाजवणार, कारण पैसे आहेत आणि अपराधीपणा पण आहे. आणि घेऊ नका असं मी म्हणणार नाही. रात्री आजोबा पडले तर कळवणारा सेन्सर, पलंगावरून उठवायला मदत करणारं यंत्र, यातलं काही मावशींची कंबर वाचवणारं असेल तर अवश्य घ्यावं. पण घ्यायच्या आधी मावशींना विचारावं, कारण ते वापरायचं त्यांना आहे. कॅमेऱ्यातून कोण बघणार, अडलं तर लांबून कोण चालवणार, कंपनी बंद पडली तर काय, हे कागदावर लिहून घ्यावं. आणि तो चार्ज करायचा, पुसायचा, आजींना समजावायचं हे काम मावशींवर येणार असेल तर त्यांचा महिन्याचा पगार त्याच दिवशी वाढवावा, रोबोच्या हप्त्याबरोबर तोही खर्चात धरावा.